दुसऱ्याच्या हातातली बँक

मीरा-भाईंदरचा पैसा वर्षानुवर्षे आगगाडीतून येत आला आहे. पहाटेपासून भाईंदर आणि मीरा रोड या दोन स्थानकांवरून चर्चगेटच्या दिशेने निघणारा नोकरदार आपला दिवस तेवढा मुंबईला देतो असे नाही. त्याचे पगाराचे खाते, सहीचा नमुना, घरकर्जाचे दस्तऐवज आणि मुलीच्या नावाने ठेवलेली मुदतठेव हा सारा ऐवजही फोर्ट, अंधेरी किंवा लोअर परळच्या एखाद्या शाखेत जमा असतो, कारण खाते उघडले तेव्हा मालकाच्या सोयीची शाखा कोणती एवढेच पाहिले गेले, आणि पुढे ते राहत्या गावी आणण्याची सवड त्याला कधी मिळाली नाही. एरवी त्यावाचून काही अडतही नव्हते. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांहून अधिक वस्ती नोंदलेल्या आणि २००२ पासून स्वतःची महानगरपालिका असलेल्या या शहराचा आर्थिक व्यवहार लोकलच्या वेळापत्रकावर उभा आहे, ही गोष्ट लक्षात यावी असे काही घडलेच नव्हते. ती लक्षात आली २२ मार्च २०२० नंतर, जेव्हा जनता संचारबंदीपाठोपाठ उपनगरी गाड्या थांबल्या आणि सामान्य प्रवाशासाठी त्या दहा महिन्यांहून अधिक काळ थांबलेल्याच राहिल्या. जूनच्या मध्यापासून अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांना, जुलैपासून राष्ट्रीयीकृत बँकांतल्या नोकरवर्गाला, ऑक्टोबरात स्त्रियांना आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वांना गाडीत चढण्याची मुभा मिळाली; एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने ती पुन्हा काढून घेतली.

बँका अत्यावश्यक सेवेत मोडत असल्यामुळे कागदोपत्री उघड्या होत्या. पण शाखा उघडी असणे आणि शाखेत काम होणे यांत अंतर असते. रोखपाल विरारला राहतो, अधिकारी डोंबिवलीला. त्यांना आणणारी गाडी बंद, बसची शाश्वती नाही, आणि दारावरचा रखवालदार एका वेळी पाचच जणांना आत सोडणार, बाकीच्यांनी रस्त्यावर चुन्याने आखलेल्या वर्तुळांत उभे राहायचे. संगणकाच्या जाळ्याने देशातली कोणतीही शाखा आपलीच झाली आहे, हे जाहिरातीत खरे आहे आणि पैसे भरण्याकाढण्यापुरते व्यवहारातही खरे आहे. परंतु सही जुळत नसेल, खाते निष्क्रिय झाले असेल, किंवा सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खात्याला जोडलेला मोबाईलचा क्रमांक बदलायचा असेल, तर खिडकीवरून उत्तर येते ते एकच: 'होम ब्रँचला जा.' होम ब्रँच चर्चगेटला, आणि चर्चगेटची गाडी बंद.

भाईंदर पश्चिमेस राहणारे, पश्चिम रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ या अडचणीत सापडले होते. ज्या रेल्वेची त्यांनी उभी हयात नोकरी केली, तिच्याच गाडीत त्यांना आता प्रवेश नव्हता. त्यांचे निवृत्तिवेतन चर्चगेटजवळच्या शाखेत जमा होई; महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊन खातेपुस्तिका भरून घेणे, जुन्या सहकाऱ्यांना भेटणे आणि रोख घेऊन परतणे हा त्यांचा शिरस्ता होता. खात्याला जोडलेला क्रमांक त्यांच्या साध्या, बटणांच्या फोनचा होता, एवढे त्यांचे नशीब बरे. एटीएमचे कार्ड पाकिटासकट कपाटात होते; ते त्यांनी कधी उघडलेच नव्हते. टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात त्यांच्या घरात पैशाचा व्यवहार झाला तो शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या पुतण्याच्या मोबाईलवरून. किराणा त्याने भरला, विजेचे बिल त्याने भरले, औषधे त्याने मागवली, आणि काकांनी हे सारे एका वहीत जमाखर्चासारखे लिहून ठेवले. घरच्या घरात उधारीची खतावणी सुरू झाली.

महामारीने डिजिटल बँक घरोघर पोचवली, असे म्हणण्याचा आता प्रघात पडला आहे, आणि आकडे त्याला दुजोराही देतात. मला मात्र या शहरात फिरून, लोकांशी बोलून असे दिसले, की बँक पोचली ती घरातल्या एकाच हातात. त्या घरातली, चाळीतली, गाळ्यातली बाकीची माणसे त्या एका हाताची आश्रित झाली. लेखी अधिकारपत्र कोणी दिले नाही, कोणी मागितलेही नाही, पण मुलगा बापाचा, सून सासूची आणि दुकानदार मजुराचा मुखत्यार होऊन बसला. हा बदल सरकारी अहवालात कोठे दिसत नाही, कारण अहवाल खाती आणि व्यवहार मोजतात; बटण कोणाच्या बोटाने दाबले हे मोजण्याची सोय त्यांच्यापाशी नाही.

त्या दिवसांतल्या सरकारी हुकुमांचा क्रम पाहण्यासारखा आहे. २४ मार्चला दुपारी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तीन महिन्यांसाठी कोणत्याही बँकेच्या एटीएममधून विनाशुल्क पैसे काढण्याची मुभा आणि किमान शिलकीच्या अटीतून सवलत दिली. त्याच रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची तहकुबी दिली, ती पुढे ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. आणि या सर्व धामधुमीत, जणू काही घडतच नाही अशा थाटात, १ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक क्षेत्रातल्या दहा बँकांच्या चार झाल्या. ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियनमध्ये आणि सिंडिकेट कॅनरामध्ये विलीन झाली. सिंडिकेट बँकेचे नाव याच आठवड्यात पुसले जावे, यात दैवाचा काही उपहास असावा. दुकानादुकानांत रोज जाऊन चार पैसे गोळा करण्याची जी पिग्मी योजना आज महाराष्ट्रातली प्रत्येक पतसंस्था आपलीच समजते, ती उडुपीच्या या बँकेने १९२८ साली सुरू केली होती. आणि ज्या दिवशी ती बँक नामशेष झाली, त्या दिवशी भाईंदरच्या बाजारपेठेतला प्रत्येक पिग्मी एजंट आपले यंत्र उशाशी ठेवून घरी बसला होता. दुकाने बंद, वसुली बंद, त्याचे कमिशन बंद. पतसंस्थांपाशी यूपीआय नव्हते. त्यांची सारी भिस्त या पायी हिंडणाऱ्या माणसावर होती, आणि त्याच्या पायांनाच मनाई झाली होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जनधन खातेदार स्त्रियांच्या खात्यांवर महिना पाचशे रुपयांप्रमाणे पहिला हप्ता पडला. गर्दी टाळण्यासाठी खातेक्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून वार ठरवून दिले होते: शून्य आणि एक असणाऱ्यांनी ३ एप्रिलला, दोन-तीन असणाऱ्यांनी ४ तारखेला, असे ९ तारखेपर्यंत. योजना रेखीव होती. पण ज्या बाईला आपला खातेक्रमांक वाचता येत नाही तिला शेवटचा अंक कोणी सांगायचा, हे त्या रेखीवपणात धरलेले नव्हते. त्यातच, वेळेत काढले नाहीत तर सरकार पैसे परत घेईल अशी आवई उठली, आणि ती खोटी असल्याचा खुलासा दिल्लीहून होईपर्यंत देशभर बँकांच्या दारांत रांगा लागून गेल्या होत्या.

काशिमीऱ्याच्या महामार्गालगत एक लहानसे दुकान आहे. रिचार्ज, झेरॉक्स, आधार कार्डाचे लॅमिनेशन आणि मनी ट्रान्सफर, असा त्याचा चौपदरी धंदा. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलची भांडी करणारे असंख्य गाळे आहेत. त्यांत काम करणारा उत्तर प्रदेश-बिहारचा कारागीर पगाराची रोकड या दुकानात आणून देई, दुकानदार आपल्या यंत्रावरून ती गावच्या खात्यात पाठवी, शेकड्यामागे ठरलेला आकार घेई आणि कागदाची चिटोरी हातात ठेवी. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटू नये. १८८० साली टपालखात्याने सुरू केलेल्या मनीऑर्डरीवर गिरणगावातल्या चाकरमान्याने रत्नागिरीतली घरे कित्येक पिढ्या चालवली. फरक इतकाच, की तिथे पोस्टमन सरकारी नोकर होता आणि इथे दुकानदार कमिशनवर पोट भरणारा होता.

टाळेबंदीत पैशाचा प्रवाह उलटा झाला. गाळे बंद, पगार बंद, आणि गावचा बाप शेतीतून वाचवलेले हजार-दोन हजार मुलाच्या खात्यात टाकू लागला. ते काढायचे कसे? पुष्कळांपाशी कार्ड नव्हते, असले तर पिन आठवत नव्हता. उरला अंगठा. आधार क्रमांक सांगायचा, बँकेचे नाव सांगायचे आणि दुकानदाराच्या काडेपेटीएवढ्या यंत्रावर बोट टेकवायचे, की खात्यातून रक्कम वजा होऊन दुकानदार रोख मोजून देतो. ज्या काळात दाराची कडी कोपराने उघडण्याचा उपदेश चालला होता, त्या काळात शेकडो माणसांनी एकाच काचेवर बोट टेकवल्याशिवाय गरिबाला स्वतःचे पैसे मिळत नव्हते. दुकानदार प्रत्येकाआधी आणि प्रत्येकानंतर काच सॅनिटायझरने पुसी. बोट ओले राहिले की यंत्र ते ओळखत नसे, म्हणून मग ते बोट शर्टाला पुसायचे.

"साहेब, सगळ्यांत जास्त त्रास बफिंगवाल्यांचा," तो मला म्हणाला. "त्यांचा थम लागतच नाही."

फिरत्या चाकावर भांडे धरून त्याला आरशासारखी चकाकी आणण्याच्या कामाला इथे बफिंग म्हणतात. त्या कामात वर्षे काढलेल्या माणसाच्या बोटांची टोके गुळगुळीत होतात. रेषा झिजून जातात. दुकानदाराने मला प्रत्यक्ष रीत दाखवली. पहिल्यांदा उजवा अंगठा, मग डावा, मग अनामिका, मग बोटाला किंचित खोबरेल तेल लावून पुसायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. पाचसात वेळा हुकले तर उद्या सकाळी बोलवायचे, कारण रात्रभराच्या विश्रांतीनंतर कातडी जरा वर येते, असा त्याचा अनुभव होता. टाळेबंदी लांबली तसा एक अनपेक्षित फायदा झाला, असे तो हसत नसतानाच म्हणाला: काम बंद राहिल्याने मेअखेरपर्यंत काहींच्या रेषा परत आल्या. तोवर त्यांतले बरेचसे गावी निघूनही गेले होते. कधीकधी यंत्र ओळख पटवी, खात्यातून रक्कम कटे, पण दुकानदाराच्या पडद्यावर 'फेल' येई आणि रोख द्यायची की नाही हा प्रश्न दोन गरिबांत उभा राही. फसलेल्या व्यवहाराची रक्कम ठरावीक दिवसांत परत न केल्यास रोजचे शंभर रुपये नुकसानभरपाई देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्येच बँकांवर घातलेले आहे. हे त्या दुकानदाराला ठाऊक नव्हते, आणि त्याच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी असा दावा केल्याचे त्याच्या ऐकिवातही नव्हते.

याच सुमारास शहराच्या दुसऱ्या थरात, म्हणजे मीरा रोडच्या गृहसंकुलांत, स्मार्टफोन असलेला माणूस भाजी, दूध, सोसायटीची वर्गणी हे सारे बसल्या जागी भागवू लागला होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर मार्च २०२० मध्ये १२४ कोटींहून अधिक व्यवहार झाले. एप्रिलमध्ये सारा बाजारच मिटल्यामुळे ते शंभर कोटींच्या किंचित खाली आले, आणि ऑक्टोबरात त्यांनी दोनशे कोटींची मजल ओलांडली. मात्र या दारातून आत शिरायला दोन वस्तू लागत. बँकेत नोंदवलेला क्रमांक त्याच फोनात हवा, कारण ॲप त्या सिमकार्डावरून स्वतःच एक संदेश पाठवून खात्री करून घेते. आणि पिन बसवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक व मुदत हवी. आधारच्या ओटीपीवर पिन बसवण्याची सवलत आली, पण महामारीचा जोर ओसरल्यावर. तोवर ज्याचा जुना क्रमांक बंद पडला होता किंवा कार्ड शाखेतच पडून होते, त्याला शाखा गाठल्याखेरीज शाखेपासून सुटका नव्हती.

या नव्या रचनेचा पाया किती अरुंद आहे, याची चुणूक टाळेबंदीच्या अगोदरच मिळाली होती. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घालून खातेदारांना पन्नास हजारांची मर्यादा आखून दिली, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांचे येस बँकेशी काडीचे देणेघेणे नव्हते अशा असंख्य लोकांचे फोनपे बंद पडले, कारण त्या ॲपचा सारा व्यवहार त्या एका बँकेमार्फत चालत असे. हे निर्बंध १८ मार्चला उठले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांचे भाग्य तेवढेही नव्हते. सप्टेंबर २०१९ मध्ये आरंभी एक हजार रुपयांवर अडवलेली त्यांची खाती जून २०२० मध्ये एक लाखापर्यंत सैल झाली खरी. परंतु महामारीच्या दोन्ही लाटा त्यांनी अर्धवट मिटलेल्या बँकेसह काढल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांची बँक युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली. अशा माणसाला कोणी डिजिटल साक्षरतेचे व्याख्यान दिले, तर त्याने ते कोणत्या चेहऱ्याने ऐकावे? आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशाची वीज गेली, तेव्हा ॲप वापरणारे आणि न वापरणारे काही तास एकाच पंक्तीला बसले.

म्हणूनच त्या वर्षी लोकांनी रोकडही साठवली. २०२०-२१ मध्ये चलनातल्या नोटांचे मूल्य जवळजवळ सतरा टक्क्यांनी वाढले, असे रिझर्व्ह बँकेचाच अहवाल सांगतो. मोबाईलवरून देणे आणि उशीखाली ठेवणे हे दोन्ही एकाच घरात चालू होते, आणि त्यात मला विसंगती दिसत नाही; सावध माणूस दोन्ही दारे उघडी ठेवतो.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाणारा रस्ता मिठागरे आणि खाडी मागे टाकून डोंगरीच्या चढाने समुद्राकडे उतरतो. उत्तन, पाली, चौक ही कोळ्यांची गावे महापालिकेच्या हद्दीत असली तरी त्यांचा कारभार भरतीओहोटीच्या हिशोबाने चालतो. तिथे बोटीच्या डिझेलला, बर्फाला आणि खलाशांच्या वाट्याला रोख लागते. मासळी विकून येणारा पैसाही परंपरेने रोखच, आणि तो बाईच्या हातात. पुरुषाने समुद्रावर जावे आणि कोळणीने बाजार सांभाळावा, पैसा कमरेच्या पिशवीत ठेवावा आणि घरखर्चाला तिनेच काढून द्यावा, ही वहिवाट जुनी आहे. तिच्या शब्दाला घरात जे वजन असते ते या पिशवीचे असते.

टाळेबंदीत बाजार मिटले आणि टोपली घेऊन गाडीत चढणे संपले. मीरा रोडच्या सोसायट्यांतली ओळखीची गिऱ्हाइके फोन करू लागली, की पापलेट असेल तर टेम्पोने फाटकापाशी पाठवा, पैसे फोनवर टाकतो. कोळणीपाशी तसला फोन नव्हता, सुनेपाशी होता. तिथून पुढे मासळी सासूची आणि पैसा सुनेच्या खात्यात, अशी वाटणी झाली. मी ज्या बाईंशी बोललो त्या यात भांडण झाले असे मुळीच म्हणाल्या नाहीत. सून गुणाची आहे, रोज संध्याकाळी हिशोब सांगते, मागितले की एटीएममधून काढून आणते. पण मागावे लागते, एवढे मात्र त्यांनी दोनदा सांगितले. जून-जुलैची मासेमारीबंदी, पुढे मे २०२१ चे तौक्ते चक्रीवादळ, यांतही घर त्या खात्यावर तरले. त्यांचे स्वतःचे खाते आहे, जनधनचे. त्यात सरकारचे तीन हप्ते पडले होते आणि ते काढायला त्यांना सुनेसोबतच जावे लागले होते, कारण बर्फ, मीठ आणि खवले यांत आयुष्य गेलेला त्यांचाही अंगठा यंत्र ओळखत नव्हते.

भाईंदरच्या खाडीपलीकडे, वसईत, १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली. ते वर्ष इन्फ्लुएन्झाच्या साथीचे. सहकारी पतपेढीचे जे मूळ तत्त्व, की शेजाऱ्याने शेजाऱ्याला जामीन राहावे आणि ओळख हेच तारण मानावे, त्यातही माणूस दुसऱ्याच्या आधारानेच पैशापर्यंत पोचत होता. पण तो जामीन कागदावर होता. त्याची सही होती, त्याची जबाबदारी ठरलेली होती, आणि तंटा झाला तर दाद मागायला जागा होती. आजच्या घरगुती मुखत्याराला यांतले काहीच नाही.

कायद्याच्या दृष्टीने तर तो गुन्हेगाराच्या शेजारी उभा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवीपर्यंतचा सारा तोटा ग्राहकाचाच. उद्देश सरळ आहे. पण ज्या घरात आजीचा ओटीपी रोज नातू वाचतो, त्या घरात 'ओटीपी कोणालाही सांगू नका' या सूचनेचा अर्थ काय उरतो? आकडे मोठ्याने वाचून दाखवायची सवय एकदा जिभेला लागली, की फोनवरच्या गोड आवाजालाही ते वाचून दाखवले जातात. हप्त्यांची तहकुबी मिळवून देतो असे सांगून ओटीपी मागणारे लोक एप्रिल २०२० मध्येच उगवले; पंतप्रधानांच्या मदतनिधीच्या नावाशी एखाद्या अक्षराने वेगळे असलेले खोटे पत्तेही त्याच सुमारास फिरले. मीरा रोडला या विद्येची ओळख नवी नव्हती. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी इथल्याच कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले होते. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून ते तिकडच्या भोळ्या माणसांना धमकावीत आणि दंडापोटी गिफ्ट कार्डांचे क्रमांक वाचून घेत. भोळेपणा हा कोणा एका देशाचा मक्ता नाही, हे पुढच्या चार वर्षांत या शहराने स्वतःवर पडताळून पाहिले. मीरा-भाईंदर वसई-विरारसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाले. फसवणूक तात्काळ कळवण्याचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक त्याच्या पुढल्या वर्षी आला, जो आज १९३० आहे.

दुसऱ्या लाटेने जे केले त्याविषयी थोडक्यात लिहिणे बरे. एप्रिल २०२१ मध्ये भारतीय बँक संघाने शाखांना कामाचे तास दहा ते दोन करण्याचा आणि ठेव, रोख, रक्कम पाठवणे व सरकारी कामे यांसारख्या मोजक्या सेवांपुरतेच राहण्याचा सल्ला दिला. मोबाईल क्रमांक बदलणे त्या यादीत नव्हते. विलीन झालेल्या बहुतेक बँकांचे जुने आयएफएससी क्रमांक त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून रद्द झाले होते. त्याआधी मार्चमध्ये व्यापारी संदेशांच्या नव्या नियमांपायी देशभर ओटीपीच पोचेनासे झाले, आणि नियम आठवड्यासाठी मागे घ्यावे लागले. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने केवायसी थकल्याच्या कारणावरून वर्षअखेरपर्यंत खाती गोठवू नयेत असा हुकूम काढला, तो मात्र खरोखर उपयोगी पडला.

आणि त्या दोन महिन्यांत घराघरांतले मुखत्यारच मरू लागले. मीरा रोडच्या एका सदनिकेत पती गेल्यावर पत्नीपाशी त्याचा फोन होता, पण फोनचे कुलूप त्याच्याच बोटाने उघडत असे. विजेचे बिल, मुलाच्या शाळेचे शुल्क, विम्याचा हप्ता, कर्ज, सारे त्या फोनातून आपोआप वळते होत होते. कोठून, किती, कोणत्या तारखेला, हे तिला ठाऊक नव्हते. मुलाने केव्हातरी पाहून ठेवलेल्या चार आकड्यांनी फोन उघडला, आणि पहिले काही आठवडे मृत माणसाच्या नावावर घर चालले. हे नियमाला धरून नाही, हे तिला मागाहून कळले. रीतसर मार्ग म्हणजे मृत्यूचा दाखला, वारसाचा अर्ज, नामनिर्देशन असल्यास त्याचा पुरावा. कागद पुरे असतील तर पंधरा दिवसांत दावा निकालात काढावा असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. एका बँकेत नामनिर्देशन होते, तिथे काम झाले. दुसऱ्या बँकेत नव्हते. तिथल्या प्रत्येक चौकशीचा संदेश पतीच्या क्रमांकावरच जात राहिला, म्हणून तो क्रमांक बंद पडू नये यासाठी ती दर महिन्याला त्याचे रिचार्ज करीत राहिली. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करण्याची तरतूद कायद्याने झाली आहे. तिच्या उपयोगाची ती नव्हे. पण ज्यांना अजून वेळ आहे त्यांनी हा अर्ज आळसाने लांबणीवर टाकू नये.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सत्तर वर्षांवरील ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी हे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितले होते, आणि सप्टेंबर २०२० मध्ये सार्वजनिक बँकांनी त्यासाठी एकत्रित व्यवस्था उभी केली; पोस्टमन अंगठ्याचे यंत्र घेऊन दारी पोचले; १ जून २०२० पासून फेरीवाल्यांना दहा हजारांचे कर्ज आणि फोनवरून पैसे स्वीकारल्यास महिना शंभर रुपयांपर्यंत परतावा देणारी स्वनिधी योजना आली. तिच्या अर्जालाही आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक लागे, आणि आधार केंद्रे तेव्हा नुकती कोठे उघडत होती. साध्या फोनवरून यूपीआय करता यावे म्हणून मार्च २०२२ मध्ये स्वतंत्र सेवा निघाली. ती महामारीआधी निघाली असती तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांनी हयातीच्या दाखल्याची मुदत २०२० मध्ये आधी डिसेंबरअखेर आणि मग फेब्रुवारीअखेर वाढली, तेव्हा दाखला पोस्टमनकडून घरीच करून घेतला. शाखा त्यांनी पुढे भाईंदरला आणली. कार्डाचे पाकीट फोडले, पण ॲप घेतले नाही. आपल्या खात्याचे काम पुतण्याने पाहावे असा एक अर्ज त्यांनी सुवाच्य अक्षरात, विषय आणि संदर्भ घालून लिहिला आणि शाखेत नेऊन दिला. चेकवर सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला देता येतो, ओटीपी वाचण्याचा देता येत नाही, असे सांगून अधिकाऱ्याने तो नम्रपणे परत केला. पुतण्या आता नोकरीनिमित्त पुण्याला असतो. विजेचे बिल आले की तो तिकडे संगणकावर काकांचे खाते उघडून बसतो. ओटीपी मात्र भाईंदरला, काकांच्या बटणांच्या फोनवर येतो, आणि त्याच फोनवर बोलत असताना संदेश वाचायला त्यांना जमत नाही. म्हणून काकूंचा फोन पुतण्याला लावून मेजावर ठेवायचा, आपला फोन चष्म्याजवळ धरायचा, आकडे पेन्सिलीने कागदावर उतरवायचे आणि दोन-दोनच्या जोडीने मोठ्याने वाचायचे. मुदत फार थोड्या मिनिटांची असते. त्यामुळे व्यवहार सुरू करण्यापूर्वी काका त्याला विचारतात, "बसलास ना नीट? मग दाब."